कमांडंटच्या बदल्यांची गावं : डाखाऊ ते ऑश्विट्झ, आठ दिवस

पहिला घोळ नावाचा. हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस वेगळा आणि ऑश्विट्झचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस वेगळा. मराठी लिखाणात दोघांचं नाव सर्रास 'हेस' असंच छापलं जातं, त्यामुळे जागा शोधताना गफलत होते. हा प्रवास ह्योसचा. जन्म १९०१, बाडेन-बाडेन. एका राजकीय खुनात शिक्षा होऊन तो पाच-एक वर्षं तुरुंगात होता आणि १९२८ च्या माफीत सुटला. १९३४ मध्ये एस.एस. या नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेच्या छावणी खात्यात लागला. तिथून पुढचं त्याचं आयुष्य एखाद्या सरकारी नोकराच्या सेवापुस्तकासारखं वाचता येतं : नेमणूक, बढती, बदली, बंगला, मुख्यालयात खुर्ची. छळछावण्या पाहायला जाणारे बहुतेक जण फाटक, बराकी आणि भट्ट्या पाहून परततात. या मार्गावर कचेऱ्या आणि अधिकाऱ्यांची घरंही पाहायची आहेत.

सेवेच्या क्रमाने जायचं तर उलटसुलट हेलपाटे पडतात, म्हणून इथे रेल्वेच्या सोयीचा क्रम धरला आहे : म्युनिक, न्युर्नबेर्ग, एरफुर्ट, बर्लिन, क्राकूफ. सुरुवात बुधवारी करा. न्युर्नबेर्गचं संग्रहालय मंगळवारी बंद, एरफुर्ट आणि राव्हेन्सब्र्युक सोमवारी बंद. बुधवारी निघालं की तिन्ही अडचणी टळतात. जर्मनी आणि पोलंड दोन्हीकडे शेंगेन व्हिसा चालतो, पण पोलंडमध्ये युरो नाही, झ्लॉटी.

आणखी एक खास आपल्यासाठी. गळ्यातलं स्वस्तिकाचं पदक, बॅगेवरचं शुभ-लाभचं स्टिकर, लग्नातून मिळालेली कापडी पिशवी, हे सगळं घरी ठेवून या. जर्मनीत हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझींचं स्वस्तिक, मिरवणं गुन्हा आहे. आपलं चिन्ह धार्मिक आहे हे पोलिसाला समजावता येईलही, पण छावणीच्या फाटकात ते समजावत उभं राहण्याची वेळ कशाला आणायची?

दिवस पहिला, बुधवार : डाखाऊ

म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून एस-२ लोकल पकडायची, पंचवीस मिनिटांच्या आत डाखाऊ. बाहेर ७२६ नंबरची बस थेट स्मारकापाशी सोडते. तिकीट एम-१ झोनचं दिवसभराचं घ्या, त्यात लोकल आणि बस दोन्ही येतात. प्रवेश मोफत, वेळ नऊ ते पाच. चार तास हाताशी ठेवा.

डाखाऊ २२ मार्च १९३३ ला सुरू झालं, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. इथला कमांडंट थेओडोर आयके याने ऑक्टोबर १९३३ मध्ये छावणीची शिस्तनियमावली तयार केली आणि पुढे तोच सगळ्या छावण्यांचा निरीक्षक झाला. ह्योस आला तो त्याच्या तालमीत. आधी एका बराकीचा प्रमुख, मग हजेरी घेणारा अधिकारी. फटक्यांची शिक्षा जाहीर दिली जायची आणि पहारेकऱ्यांच्या तुकड्यांना ती बघायला उभं केलं जायचं. मन घट्ट करण्याचं ते प्रशिक्षणच होतं. फटक्यांसाठी बांधायचा लाकडी घोडा संग्रहालयात आहे. तो पाहताना कैद्याची जागा कुठली हे लगेच कळतं. पहारेकऱ्यांची रांग कुठे उभी असेल तेही डोळ्यांसमोर आणा.

इथे एक चूक बहुतेकांची होते. आज दिसणारा आराखडा ह्योस रुजू झाला तेव्हाचा नाही. १९३४ ची छावणी जुन्या दारूगोळा कारखान्याच्या इमारतींत होती. फाटकाची इमारत १९३६ ची आणि बराकींच्या रांगा १९३७-३८ मध्ये कैद्यांकडूनच बांधून घेतलेल्या. म्हणजे ह्योसने ही छावणी मोडून नव्याने उभी राहताना पाहिली, आणि तो अनुभव त्याला १९४० मध्ये कामी आला. आज ज्या दोन बराकी उभ्या दिसतात त्या नंतर नव्याने उभारलेल्या आहेत; बाकीच्यांचे फक्त जोते उरलेत.

फाटकावर 'आर्बाइट माख्त फ्राय', म्हणजे 'श्रमाने मुक्ती मिळते'. मूळ लोखंडी दार २०१४ मध्ये चोरीला गेलं आणि दोन वर्षांनी नॉर्वेत सापडलं. ते आता संग्रहालयाच्या आत आहे, फाटकात आहे ती प्रतिकृती. हेच वाक्य ऑश्विट्झच्या फाटकावर पुन्हा भेटेल.

निघण्याआधी भट्टीघराकडे जा. नूर इनायत खान या टिपू सुलतानच्या वंशातल्या ब्रिटिश हेर. त्यांना इतर तीन स्त्रियांसोबत १३ सप्टेंबर १९४४ ला इथे गोळी घातली गेली. त्यांच्या नावाची पाटी तिथे आहे. ह्योसशी तिचा संबंध नाही, पण भारतातून आलेल्याने ती न वाचता परत जाऊ नये.

दिवस दुसरा, गुरुवार : न्युर्नबेर्ग

म्युनिकहून गाडीने तासाभराच्या थोडं वर. यू-१ मेट्रोने बेरेनशान्त्स स्थानकावर उतरलं की न्यायालयाची इमारत समोरच. पाहायचं आहे दालन क्रमांक ६०० आणि वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन. दालन १९४६ मध्ये होतं तसं राहिलेलं नाही. नाझी नेत्यांवरच्या खटल्यासाठी वाढवलेली जागा नंतर पुन्हा कमी केली गेली, म्हणून फोटोतलं दालन मनात धरून आलेल्यांना ते लहान वाटतं. आधी वर जाऊन फोटो पाहा, मग खाली या.

१५ एप्रिल १९४६ ला ह्योस इथे साक्षीदाराच्या खुर्चीत बसला, आणि तोही बचाव पक्षाचा साक्षीदार म्हणून. आरोपींपैकी एक, नाझी सुरक्षा खात्याचा प्रमुख काल्टेनब्रुनर कधीच ऑश्विट्झला आला नव्हता, एवढंच त्याच्या वकिलाला सिद्ध करायचं होतं. डाव उलटला. अमेरिकी वकिलाने ह्योसचा आधीचा जबाब वाचून दाखवला आणि ह्योस एकेका मुद्द्याला होकार देत गेला. आरोपींच्या पहिल्या रांगेत तो दुसरा, उपनेता हेस, बसलेला होता. नावांचा घोळ जगात एकाच खोलीत समोरासमोर आला तो इथे.

त्या जबाबातला पंचवीस लाख ठार हा आकडा मात्र घेऊ नका. ह्योसनेच तो पुढे खाली आणला. नंतरच्या संशोधनानुसार ऑश्विट्झला सुमारे १३ लाख माणसं नेली गेली आणि त्यातली सुमारे ११ लाख मेली. त्यांत जवळपास १० लाख ज्यू, ७० हजारांवर पोलिश, २१ हजार रोमा आणि सुमारे १५ हजार सोव्हिएत युद्धकैदी. जुन्या मराठी पुस्तकांत 'चाळीस लाख' असतं. तो युद्धानंतर सोव्हिएत आयोगाने दिलेला आकडा, आता कोणी धरत नाही.

दिवस तिसरा, शुक्रवार : एरफुर्टवरून बर्लिन

न्युर्नबेर्ग-बर्लिन वेगवान गाडी एरफुर्टला थांबते. सामान लॉकरमध्ये टाकून पंधरा मिनिटं चाललं की टोप्फ आणि पुत्र या भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीची कचेरी लागते. २०११ पासून तिथे स्मारक-संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. दोन तास पुरतात.

ह्योस नोकरीसाठी इथे कधी नव्हता, तरी ही जागा मार्गात हवीच, कारण बिर्केनाऊ या ऑश्विट्झच्या जोडछावणीतल्या दहनगृहांच्या भट्ट्या कागदावर इथे उतरल्या. आरेखनाच्या टेबलांपाशी उभं राहून खिडकीतून बाहेर पाहिलं की एटर्सबेर्ग टेकडी दिसते. त्या टेकडीवर बुखेनवाल्ड छावणी होती. इमारतीच्या दर्शनी भागावर कंपनीचं वाक्य लावलं आहे : 'तुमच्या सेवेत सदैव आनंदाने'. पत्राखाली लिहायचं नेहमीचं सौजन्य.

ऑश्विट्झच्या बांधकाम विभागाच्या २८ जून १९४३ च्या पत्रात पाच दहनगृहांची चोवीस तासांची क्षमता दिली आहे : ३४०, १४४०, १४४०, ७६८, ७६८, एकूण ४७५६. कागद एखाद्या गिरणीच्या उत्पादन-पत्रकासारखा आहे. प्रत्यक्षात चौथ्या दहनगृहाची भट्टी काही आठवड्यांतच तडकून बंद पडली आणि दुसऱ्याच्या धुराड्याचं अस्तर ढासळलं. कारण एकच, मर्यादेबाहेरचा वापर. दुरुस्तीचा पत्रव्यवहार, कोणाचा दोष आणि बिल कोणी भरायचं यावरची हुज्जत, हे सगळं फायलींत शिल्लक आहे.

दिवस चौथा, शनिवार : झाक्सनहाउसेन

बर्लिनहून एस-१ लोकल ओरानिएनबुर्गला पाऊणएक तासात नेते, आर.ई.-५ गाडी अर्ध्या वेळात. तिकीट ए-बी-सी तिन्ही झोनचं हवं. ए-बीच्या तिकिटावर तपासनीस दंड करतो आणि पर्यटक असल्याची सबब ऐकत नाही. स्टेशनवरून वीस मिनिटं चालायचं. बस आहे, पण चालत जा; कैद्यांनाही याच गावातून चालवत नेत, घरांच्या खिडक्यांसमोरून.

मुख्य फाटकाकडे वळण्याआधी बाहेरच एक लांब इमारत आहे, वरून पाहिली तर इंग्रजी 'टी'च्या आकाराची. १९३८ पासून सगळ्या छळछावण्यांचं निरीक्षणालय इथे होतं. कुठल्या छावणीत किती कैदी, किती मेले, कुठे किती मजूर पाठवायचे, हे सगळं या इमारतीतून ठरायचं. आज तिथे स्मारकाच्या संस्थेचं कार्यालय, एक छोटं प्रदर्शन आणि प्राप्तिकर भरायची कचेरी आहे. बहुतेक पर्यटक पाटी न वाचता पुढे जातात.

ह्योसची इथली नोंद दोनदा आहे. १९३८ मध्ये तो डाखाऊहून झाक्सनहाउसेनला आला, आधी कमांडंटचा सहायक आणि नंतर कैद्यांच्या विभागाचा प्रमुख. मग नोव्हेंबर १९४३ मध्ये ऑश्विट्झहून बदली होऊन तो याच टी-इमारतीत पहिल्या विभागाचा प्रमुख झाला. त्याआधी त्या खुर्चीवर आर्थुर लीबेहेन्शेल होता, तो ऑश्विट्झचा कमांडंट झाला. दोघांनी खुर्च्यांची अदलाबदल केली, इतकंच. ह्योसचं कुटुंब मात्र ऑश्विट्झच्या बंगल्यातच राहिलं. नवऱ्याची बदली झाली तरी बायकोने सरकारी घर न सोडणं आपल्याकडेही चालतंच.

आत शिरल्यावर छावणीचा त्रिकोण लक्षात येतो. पायथ्याच्या मध्यावर 'अ' मनोरा, त्याच्यासमोर अर्धवर्तुळाकार हजेरीचं मैदान आणि तिथून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या बराकींच्या रांगा. एका मनोऱ्यावरून सगळं टप्प्यात यावं अशी ती कल्पना. पुढे छावणी वाढवायची वेळ आली तेव्हा त्रिकोणच आडवा आला. बाजूला जागा जोडली की मनोऱ्यावरची नजर तिथे पोहोचत नाही. म्हणून हा आराखडा पुढच्या छावण्यांत फारसा गिरवला गेला नाही, बिर्केनाऊत सरळ चौकोनी चौकटी आल्या.

मैदानाच्या कडेने वेगवेगळ्या पृष्ठभागांचा पट्टा आहे : खडी, वाळू, दगड, काँक्रीट. बुटांचे तळवे तपासायला कैद्यांना पाठीवर ओझं देऊन त्यावरून दिवसाला चाळीस किलोमीटरपर्यंत चालवत. पट्ट्याचा काही भाग शिल्लक आहे. त्यावर पाच मिनिटं साध्या बुटांनी चालून पाहा.

याच मैदानावर १८ जानेवारी १९४० ला ह्योसने कामावर न गेलेल्या कैद्यांना बाहेर उभं केलं. तापमान शून्याखाली २६ अंश, अंगावर कोट नाही, हातमोजे नाहीत. तो दिवस आणि त्यानंतरची रात्र मिळून शंभरावर माणसं मेली. चार महिन्यांच्या आत त्याला ऑश्विट्झचा कमांडंट केलं गेलं.

हिवाळ्यात सोमवारी आतली प्रदर्शनं बंद असतात, मैदान उघडं असतं. जानेवारीत आलात तर लोकरीचे मोजे दुहेरी घाला. वारा अडवायला तिथे काहीही नाही.

दिवस पाचवा, रविवार : राव्हेन्सब्र्युक

तीच आर.ई.-५ पुढे फ्युर्स्टेनबेर्गला जाते, बर्लिनहून तासाभराची. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच पाहून ठेवा. स्टेशनपासून दोन किलोमीटर.

ही स्त्रियांची छावणी, १९३९ ची. सुमारे १ लाख २० हजार स्त्रिया आणि मुलं इथे नोंदली गेली. १९४५ च्या सुरुवातीला इथेही वायुकक्ष बसवला गेला. त्यात पाच ते सहा हजार जीव गेले. ह्योस १९४४ च्या अखेरीला इथे आला आणि कुटुंबही मागोमाग आलं.

छावणीच्या भिंतीबाहेर चढावर अधिकाऱ्यांची घरं आहेत. उतरती छपरं, झाडं, समोर श्वेट्झे तळं. पहारेकरी बायकांच्या घरांत आता युवक वसतिगृह चालतं, तिथे मुक्कामही करता येतो. त्याच तळ्यात दहनगृहाची राख टाकली जायची. काठावर उंच चौथऱ्यावर एक स्त्री दुसरीला हातांवर उचलून उभी आहे, ते शिल्प विल लामर्टचं. तळ्यात पोहणारे लोक समोरच्या काठावर दिसतील. दचकू नका, गावाचंच तळं आहे ते.

दिवस सहावा, सोमवार : बर्लिन ते क्राकूफ

थेट गाडी आहे, सातेक तास. आरक्षण आधी करा आणि जेवण बरोबर घ्या. शाकाहारी असाल तर नक्कीच.

फ्लेन्सबुर्ग या प्रवासात धरलेलं नाही. डेन्मार्कच्या सीमेवरचं ते गाव गाठायला जाऊन-येऊन दोन दिवस मोडतात आणि पाहण्यासारखं काही नाही. घडलं ते एवढं : मे १९४५ मध्ये एस.एस.चा प्रमुख हिमलर याने तिथे आपल्या माणसांना सैन्यात मिसळून जायला सांगितलं. ह्योस नौदलाचा फ्रान्त्स लांग बनून गोत्रुपेल इथल्या एका शेतावर राबू लागला. ११ मार्च १९४६ च्या रात्री ब्रिटिश तुकडीने त्याला पकडलं. तुकडीचा प्रमुख हान्स अलेक्झांडर, बर्लिनहून इंग्लंडला पळालेला ज्यू. ह्योस नाव कबूल करेना. अलेक्झांडरने बोटातली अंगठी मागितली. ती निघत नाही म्हटल्यावर बोट कापायची धमकी दिली. अंगठी निघाली आणि आत 'रुडॉल्फ' आणि 'हेडविग' (त्याची बायको) कोरलेलं होतं.

संध्याकाळी क्राकूफमध्ये वेळ उरला तर मॉन्तेलूपिख तुरुंग बाहेरून पाहा. तो अजून चालू आहे, आत जाता येत नाही. न्यायाधीश यान सेन यांच्या चौकशीच्या काळात ह्योसने इथेच आपलं आत्मकथन लिहिलं. ते तपशिलांसाठी उपयोगी आणि स्वभावासाठी फसवं आहे. दोष कायम वरच्यांचा किंवा खालच्यांचा, आपण मात्र मधले, कामाने पिचलेले.

दिवस सातवा, मंगळवार : ऑश्विट्झ आणि बिर्केनाऊ, गाइडसोबत

नावनोंदणी निदान महिनाभर आधी, संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. पासावर नाव पासपोर्टातल्यासारखं हवं. 'श्रीकांत'च्या जागी 'श्री' लिहिलं की दारात अडकलात. मोठी सॅक आत नेता येत नाही. क्राकूफच्या बसस्थानकावरून संग्रहालयाच्या दारापर्यंत बस दीड तासात जाते. रेल्वेने आलात तर ओश्व्येन्चिम (ऑश्विट्झचं पोलिश नाव) स्टेशनपासून दोनेक किलोमीटर चालणं. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं संग्रहालयच सांगतं. इंग्रजी गाइडची फेरी साडेतीन तासांची, त्यात मूळ छावणी घाईत उरकते. ती उद्यासाठी ठेवून आज बिर्केनाऊकडे लक्ष द्या. दोन्हींमध्ये मोफत बस आहे.

बिर्केनाऊ १७० हेक्टरच्या आसपास. सावली नाही, पाणी विकत मिळेल अशी जागा आत नाही. उन्हाळ्यात टोपी आणि लिटरभर पाणी, पावसात चिखलाचे बूट. दलदलीची जमीन आहे. पाणी निचरा करणारे चर जागोजागी दिसतात, ते कैद्यांनी खणलेले.

फाटकातून आत येणारे रूळ फोटोंमुळे सगळ्यांना ठाऊक असतात. पण हे रूळ १९४४ च्या वसंतातले. त्याआधीची दोन वर्षं गाड्या बाहेर, दोन छावण्यांच्या मधल्या मालधक्क्यावर थांबत. तिथे आता जुने डबे ठेवले आहेत, गाइडच्या फेरीत ती जागा नसते. बिर्केनाऊच्या दारापासून चालत जाता येतं. फेरी संपल्यावर जा.

रूळ आत आणले ते हंगेरीसाठी. मे १९४४ मध्ये ह्योसला ओरानिएनबुर्गच्या खुर्चीवरून खास परत पाठवलं गेलं. १५ मे ते ९ जुलै, आठ आठवड्यांत, हंगेरीतून सुमारे ४ लाख ३० हजार ज्यू इथे आणले गेले आणि बहुतेक जण उतरल्या दिवशीच मारले गेले. दहनगृहं पुरेनात म्हणून पाचव्याच्या मागे उघड्यावर खड्डे खणले. फलाटापासून शेवटपर्यंत चालत जा, दहा मिनिटं लागतात. शेवटी दोन्ही बाजूंना दुसऱ्या आणि तिसऱ्या दहनगृहाचे अवशेष आहेत, २० जानेवारी १९४५ ला एस.एस.ने सुरुंग लावून पाडलेले. चौथं त्याआधीच, ७ ऑक्टोबर १९४४ ला, तिथे राबणाऱ्या कैद्यांच्या उठावात जळालं.

दिवस आठवा, बुधवार : मूळ छावणी आणि बंगला

आजचा पास गाइडशिवायचा. तो दिवसाच्या ठरावीक तासांतच मिळतो आणि लवकर संपतो.

३० एप्रिल १९४० ला ह्योस पाच एस.एस. जवानांसह इथे उतरला तेव्हा पोलिश सैन्याच्या विटांच्या जुन्या बराकी तेवढ्या होत्या. जागा निवडायची कारणं रेल्वेचं जंक्शन, तयार इमारती आणि दोन नद्यांमधली एकाकी जमीन. २० मे ला झाक्सनहाउसेनहून ३० जर्मन गुन्हेगार कैदी आणले गेले, क्रमांक १ ते ३०. हे कापो, म्हणजे कैद्यांमधूनच नेमलेले मुकादम. १४ जूनला तार्नूफहून ७२८ पोलिश राजकीय कैदी आले. मुकादम आधी, मजूर नंतर.

फाटकावर तेच वाक्य. त्यातल्या 'बी'चं मोठं पोट वर आणि लहान खाली आहे, म्हणजे अक्षर उलटं. ते कैद्यांनीच घडवलं. आत ११ नंबरच्या ब्लॉकच्या तळघरात सप्टेंबर १९४१ मध्ये झिक्लोन-बी या विषारी वायूचा पहिला मोठा प्रयोग सुमारे ६०० सोव्हिएत युद्धकैदी आणि अडीचशे आजारी पोलिश कैद्यांवर झाला. तळघरात फोटो काढायला मनाई आहे, ४ नंबरच्या ब्लॉकमधल्या केसांच्या दालनातही. दोन्ही ठिकाणी मोबाइल खिशात ठेवा.

आता खरं पाहायचं ते पूर्वेच्या कोपऱ्यात, सोवा नदीच्या बाजूला. कमांडंटचं कार्यालय, एस.एस.चं रुग्णालय, पहिलं दहनगृह आणि कुंपणाला लागून कमांडंटचा बंगला, सगळं दोनेकशे मीटरच्या आत. घरून निघून कचेरीत बसायचं, कचेरीतून उठून घरी जेवायला यायचं, असा हा पसारा. बंगला संग्रहालयाच्या हद्दीबाहेर आहे. युद्धानंतर तिथे खासगी कुटुंब राहत होतं आणि अलीकडे एका संस्थेने तो विकत घेतला. बाहेर पडून लेगियोनूफ रस्त्याने चालत गेलात की ८८ नंबर. रस्त्यावरून साधं दुमजली घर दिसतं, करडं, अंगणात झाडं. याच घरातून ह्योस आजूबाजूच्या चाळीस चौरस किलोमीटरच्या शेतजमिनीची आखणी करायचा. गावं रिकामी करवली, रायस्कोला शेती-संशोधन केंद्र काढलं. तरुणपणी तो शेतीवेड्या आर्टामान संघटनेत होता, ती हौस त्याने इथे पुरवून घेतली.

वॉर्सातल्या शिक्षक संघटनेच्या सभागृहात मार्च १९४७ मध्ये खटला चालला, २ एप्रिलला फाशीची शिक्षा झाली. शेवटचे दिवस तो इथून तीसेक किलोमीटरवरच्या वादोवित्सेच्या तुरुंगात होता. तिथे त्याने कॅथलिक पाद्र्यासमोर पापनिवेदन केलं. गाव लोकांना ठाऊक आहे ते पोप जॉन पॉल दुसरे यांच्या जन्मामुळे.

१६ एप्रिल १९४७ ला सकाळी त्याला इथे आणलं. फाशीचा खांब पहिल्या दहनगृहाच्या शेजारी आहे, मातीच्या उंचवट्यालगत. गर्दी दहनगृहाच्या दारापाशी असते, इकडे फारसं कोणी वळत नाही. लाकडी चौथरा, तीन-चार पायऱ्या, वर आडवं तुळईसारखं लाकूड, खाली माहितीची पाटी. तिथे उभं राहून नदीच्या दिशेला तोंड केलं की कुंपणापलीकडे झाडांच्या आड बंगल्याचं छप्पर आहे.